माणसागणिक वेगळी वही: मानसिक आजारातल्या वैयक्तिक सेवा-आराखड्याबद्दल कोकणात विचारले जाणारे प्रश्न

राजापूर ते वेंगुर्ला या पट्ट्यात मी मानसोपचार समाजसेविका म्हणून फिरते. ओपीडीबाहेरच्या बाकड्यावर, एसटीच्या थांब्यावर, कधी कुणाच्या ओटीवर चहा पिताना घरची माणसं जे विचारतात ते इथे गोळा केलं आहे. काही उत्तरं लांबली आहेत, कारण ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. आजार कोणता आणि गोळी कोणती हे डॉक्टर सांगतील. इथे फक्त घरी आल्यानंतरचं आहे.

वैयक्तिक सेवा-आराखडा म्हणजे काय? डॉक्टरांची चिठ्ठी आहेच की आमच्याकडे.

चिठ्ठीवर औषधाचं नाव, किती मिलीग्रॅम आणि पुन्हा कधी यायचं, एवढंच असतं. गोळी द्यायला घरी कोण आहे, मेडिकल किती लांब, माणूस पहाटे तीनला समुद्रात जातो की दुपारपर्यंत अंथरुणात असतो, त्याला स्वतःला काय हवंय, बिघडायला लागलं की सगळ्यात आधी काय दिसतं आणि तेव्हा फोन कुणाला करायचा, यातलं काहीच चिठ्ठीवर मावत नाही. हे सगळं एका ठिकाणी, तारीख घालून, सगळ्यांच्या संमतीने लिहिलं की झाला आराखडा.

एकाच निदानाची दोन माणसं घ्या. दोघांना स्किझोफ्रेनिया, दोघांना गोळीही तीच. एकजण देवगडात हापूसच्या बागेत राखणीला असतो, एकटा. दुसरी मालवणात सात माणसांच्या घरातली सून. त्याची अडचण अशी की दिवसचे दिवस कुणाशी दोन शब्द बोलणं होत नाही. तिची अडचण अशी की घटकाभर एकटं बसायला मिळत नाही. दोघांच्या कागदावर ‘लोकांत मिसळावे’ असं एकच वाक्य लिहिलेलं मी पाहिलं आहे.

कागदोपत्री शब्द ‘सेवा-आराखडा’ असला तरी आम्ही बोलताना ‘वही’ म्हणतो. पुढे तोच शब्द वापरते.

हे परदेशी खूळ तर नाही?

पद्धत बाहेरून आली हे खरं. इंग्लंडमध्ये १९९१पासून ‘केअर प्रोग्राम अप्रोच’ सुरू झाला. रुग्णामागे एक ठरलेला समन्वयक आणि लेखी आराखडा, असं त्याचं स्वरूप. अमेरिकेत व्हरमाँट राज्यात १९९७मध्ये मेरी एलन कोपलँड आणि स्वतः आजारातून गेलेल्या काही मंडळींनी स्वतःचा आराखडा स्वतःच लिहिण्याची पद्धत बसवली. मला ती दुसरी जास्त जवळची वाटते.

पण आता आपल्याकडेही याला कायद्याचा आधार आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७चा, लागू झाला २९ मे २०१८ला. त्याच्या कलम ९८प्रमाणे रुग्णालयातून घरी सोडताना, दुसरीकडे हलवताना किंवा डॉक्टर बदलताना मानसोपचारतज्ज्ञाने रुग्णाशी, त्याने नेमलेल्या प्रतिनिधीशी, घरच्यांशी सल्लामसलत करायची आहे आणि पुढच्या सेवा कशा मिळतील याचा आराखडा तयार होईल हे पाहायचं आहे. तेव्हा डिस्चार्जच्या दिवशी ‘पुढचा आराखडा काय?’ असं विचारायला लाजू नका. तुम्ही उपकार मागत नाही आहात.

रत्नागिरीचं प्रादेशिक मनोरुग्णालय १८८६चं. ‘रत्नागिरीक न्हेलो’ एवढं म्हटलं की कोकणात पुढचं सांगावं लागत नाही. पिढ्यान् पिढ्या आपण नेण्याचंच बोलत आलो. माणूस परत आल्यावर काय, हा प्रश्न त्या मानाने नवा आहे.

वही लिहायची कुणी?

ज्याची आहे त्याने. आम्ही लेखनिक.

प्रत्यक्षात चार माणसं बसतात: स्वतः ती व्यक्ती, घरातलं जे रोज सोबत असतं ते, डॉक्टर किंवा मानसोपचार परिचारिका, आणि माझ्यासारखं कुणी. पुण्या-ठाण्याकडच्या स्वमदत गटांत आजार असलेल्याला ‘शुभार्थी’ आणि सांभाळणाऱ्याला ‘शुभंकर’ म्हणतात. शब्द गोड आहेत, पण आमच्याकडे ओटीवर ते जरा परके वाटतात, म्हणून मी सरळ नाव घेऊन बोलते. ‘पेशंट’ मात्र शक्यतो म्हणत नाही, निदान त्याच्या तोंडावर तरी.

आमचा भाऊ बोलतच नाही. मग त्याचं म्हणणं लिहायचं कसं?

पहिल्या भेटीत कुणीच बोलत नाही. ‘तुमची उद्दिष्टं काय?’ असं विचारलं तर मीसुद्धा बोलणार नाही. मी घरात काय दिसतं ते बघते. एका घरात पडवीत अर्धवट विणलेलं जाळं टांगलेलं होतं. ‘हे कुणाचं?’ विचारलं. आई म्हणाली, त्याचंच, चार वर्षं तसंच आहे. तिसऱ्या भेटीला त्याने एकच वाक्य उच्चारलं: ‘माका परत होडयेर जावचा आसा.’ ते तसंच्या तसं वहीच्या पहिल्या पानावर गेलं. त्याचं ‘सामाजिक पुनर्वसन व व्यावसायिक सहभाग’ असं भाषांतर करू नका. त्याला ते कळणार नाही, आणि मलाही पुढे आठवणार नाही की त्याला होडी हवी होती.

पहिल्या पानावर घरच्यांचं वाक्य लिहिण्याचा मोह फार होतो. ‘तो शांत राहावा’, ‘वेळेवर आंघोळ करावी’, ‘लग्न व्हावं’. घरच्यांचं म्हणणंही लिहा, पण दुसऱ्या पानावर आणि त्यांच्या नावाने. दोन्ही पानं जुळत नाहीत तिथेच खरं काम असतं.

औषधाची वेळ डॉक्टर ठरवतात. त्यात वहीचा काय संबंध?

माझी एक चूक सांगते. एका खलाशाच्या वहीत मी मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: रात्री दहाची गोळी, चुकवायची नाही. हा गडी पहाटे तीनला होडीवर जाणारा. दहाच्या गोळीची गुंगी तीनला उतरलेली नसायची. जाळं ओढताना दोनदा तोल गेला, तेव्हा तांडेलाने, म्हणजे होडीच्या म्होरक्याने, त्याला घरी बसायला सांगितलं. त्याने काय केलं? ना मला सांगितलं ना डॉक्टरांना, गोळीच बंद केली. तीन महिन्यांनी पुन्हा वॉर्डात. बायकोला सगळं माहीत होतं. मी तिला विचारलंच नव्हतं.

नंतर डॉक्टरांशी बोलून गोळी संध्याकाळी सहाला आणली, जेवण सातला, झोप आठला. जून-जुलैच्या मासेमारी बंदीत घरचं वेळापत्रक वेगळं, म्हणून त्या दोन महिन्यांची वेळ वहीत वेगळी. आता वहीत औषधाच्या पानावर मी आधी माणसाचा दिवस लिहून घेते, उठण्यापासून झोपेपर्यंत, आणि तो कागद डॉक्टरांपुढे ठेवते. वेळ स्वतःच्या मनाने मात्र बदलू नका. काही गोळ्या जेवणासोबतच घ्यायच्या असतात, काही विभागून घ्यायच्या असतात.

रोजची गोळी जमतच नसेल तर काही औषधं दोन ते चार आठवड्यांनी घ्यायच्या इंजेक्शनच्या रूपात येतात. होडीवर जाणाऱ्यांना आणि बागेत मुक्कामी असणाऱ्यांना ती सोयीची पडतात. पण इंजेक्शन म्हणजे शिक्षा अशी समजूत आहे, आणि ती उगाच झालेली नाही. ‘गोळी घेतली नाहीस तर सुई टोचेन’ असं घरी धमकावलेलं असतं. ते आधी थांबवा.

लिथियम चालू आहे. कोकणात राहून काही वेगळी काळजी?

हो, आणि याबद्दल कुणी फारसं बोलत नाही. लिथियम हे मनाचे चढउतार आवरणारं औषध, आणि ते एक प्रकारचं क्षारच. शरीरातलं मीठ आणि पाणी कमी झालं की मूत्रपिंड लिथियम धरून ठेवतं आणि रक्तातली पातळी चढते. आता आपलं वर्ष डोळ्यांपुढे आणा. एप्रिल-मेमध्ये आंबा काढणीला दिवसभर घाम. जून-जुलैमध्ये लावणीला दिवसभर पाण्यात, कंबर धरली की मेडिकलमधून सांगून आणलेली दुखण्याची गोळी. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक या गटातल्या गोळ्या लिथियमची पातळी वाढवतात. पावसात जुलाब आणि ताप. मग श्रावण, त्यात सोमवार, आणि काही घरांत अळणी उपवास. प्रत्येक गोष्ट आपापल्या जागी साधी, लिथियमवाल्यासाठी मात्र धोक्याची.

म्हणून वहीत लिहून ठेवा: पाणी आणि मीठ रोजच्यासारखंच, एकदम कमी नाही की एकदम जास्त नाही. मिठाची पेज चालते. उपवास करायचा असेल तर डॉक्टरांना विचारून, अळणी नको. दुखण्याची गोळी घेताना मेडिकलवाल्याला ‘लिथियम चालू आहे’ असं सांगायचं. हात नेहमीपेक्षा जास्त थरथरणं, उलटी-जुलाब, बोलणं जड होणं, चालताना झोक जाणं, गोंधळल्यासारखं वागणं यातलं काही दिसलं तर पुढची गोळी घेण्याआधी, त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं. पातळीसाठी रक्त शेवटच्या गोळीनंतर साधारण बारा तासांनी देतात. रात्रीची गोळी घेणाऱ्याने सकाळी रक्त देऊन मग पुढचं काय ते. गावाहून पहिली एसटी पकडून लॅब गाठायची तर हे गणित आदल्या दिवशीच मांडावं लागतं.

पावसात औषध संपलं तर?

संपू द्यायचं नाही. मेअखेरीस निदान महिन्याभराचं जास्तीचं औषध घरात असावं, अशी नोंद वहीत करा आणि डॉक्टरांकडून तशी चिठ्ठी लिहून घ्या. घाटात दरड येते, साकवावरून पाणी जातं, नेहमीच्या मेडिकलमध्ये तेवढीच गोळी नसते. जुलै २०२१मध्ये चिपळुणात पुराचं पाणी शिरलं तेव्हा घराघरातली औषधं आणि फाइली दोन्ही गेल्या. तेव्हापासून मी चिठ्ठीचा फोटो दोन वेगवेगळ्या फोनमध्ये ठेवायला सांगते, एक गावातल्या आणि एक मुंबईतल्या.

क्लोझापिन (स्किझोफ्रेनियावरचं एक औषध) चालू असेल तर सुरुवातीचे अठरा आठवडे दर आठवड्याला रक्तातल्या पांढऱ्या पेशी तपासाव्या लागतात. ते औषध ऐन जूनमध्ये सुरू करायचं की पावसाआधीच, हे डॉक्टरांशी जरूर बोला. शहरातल्या डॉक्टरांना तुमच्या वाडीचा साकव माहीत नसतो.

गणपतीत काय करायचं? दरवर्षी त्याच वेळेला बिघडतं.

हा प्रश्न मला श्रावणातच ऐकू यायला लागतो. कारण बहुधा झोप. बायपोलर आजारात, म्हणजे जिथे मन कधी उन्मादात तर कधी खोल उदासीत जातं, सलग दोन-तीन रात्रींचं जागरण उन्मादाला वाट करून देतं. आणि आपले सगळे आनंद रात्रीचे. गणपतीत भजनं, फुगड्या, जाखडी. कार्तिकापासून जत्रा आणि दशावतार, तेही पहाटेपर्यंत. मग शिमग्याची पालखी. ‘जागरण टाळावे’ असं वहीत लिहिणं म्हणजे ‘कोकण टाळावे’ असं लिहिणं. ते कुणी पाळत नाही.

त्यापेक्षा हिशोब करून ठेवा. एका घरात असं ठरलं: तो आरतीला उभा राहील, मृदंग वाजवील, पण साडेदहाला उठेल. उठवायची जबाबदारी चुलत भावाची, आईची नाही, कारण आईने उठवलं तर चारचौघांत लाज वाटते. ज्या रात्री वाडीचं भजन त्यांच्याच घरी, ती एक रात्र सूट, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी झोप. माडीवरची एक खोली त्याच्यासाठी मोकळी, तिथे पाहुण्यांच्या पथाऱ्या नाहीत. ही शेवटची अट सगळ्यात अवघड गेली. मुंबईहून चौदा माणसं आली होती.

चाकरमान्यांबद्दल एक वेगळी ओळ लिहा. ते प्रेमाने येतात आणि प्रेमानेच म्हणतात, ‘कित्याक खातंस गोळये? बंद कर, बरो दिसतंस.’ सहा महिने सावरलेलं त्या एका वाक्याने ढासळलेलं मी पाहिलं आहे. घरातल्या एकाने पाहुण्यांना आधीच फोनवर सांगायचं: गोळ्यांबद्दल आणि लग्नाबद्दल त्याच्याशी बोलायचं नाही. आणि दारू पुढे करायची नाही. काय सांगायचं तेही त्या व्यक्तीला विचारून ठरवा. आजाराचं नाव सगळ्या गोतावळ्याला कळायची गरज नाही.

आम्ही देवाला कौल लावला आहे, गाऱ्हाणंही घातलं. डॉक्टर रागावतील का?

रागावले तर रागावू देत, लपवू नका. लपवलं की गोळी कधी बंद केली तेही लपतं.

मी स्वतः याला विरोध करत नाही. गाऱ्हाण्यात अख्ख्या वाडीसमोर त्या माणसाचं नाव घेऊन त्याचं बरं व्हावं असं मागितलं जातं. ज्याला आदल्या दिवसापर्यंत पोरं खडे मारत होती, त्याच्यासाठी हे थोडं नाही. वहीत ‘माझ्या बाजूने कोण’ असं एक पान असतं, त्यावर एका मुलीने देवळातल्या गुरवकाकांचं नाव लिहिलं, आणि गोळीची आठवण ते अजूनही करतात.

हद्द मात्र पक्की ठेवा. गोळी बंद करा म्हणणारा, उपाशी ठेवा म्हणणारा, मारणारा, धूर देणारा, बांधून घाला म्हणणारा भगत असेल तर तिथून उठा. ६ ऑगस्ट २००१ला तमिळनाडूतल्या एरवाडीत अशाच एका ठिकाणी आग लागली आणि साखळ्यांनी बांधलेली २८ माणसं पळू न शकल्याने गेली. आज मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम ९५ने साखळीने बांधायला कोणत्याही स्वरूपात मनाई आहे. घरात बांधून ठेवायची वेळ आली आहे असं वाटत असेल तर तुमच्याही सहनशक्तीचा कडेलोट झाला आहे. आम्हाला बोलवा. दोष द्यायला कुणी येणार नाही.

पुन्हा बिघडलं तर काय करायचं, हे आधी लिहून ठेवता येतं?

येतं, आणि बरं असतानाच लिहायचं. वहीतलं मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते हेच पान.

आधी खुणा. प्रत्येकाच्या वेगळ्या. कुणी रेडिओचा आवाज वाढवतं. कुणी विहिरीवर दिवसातून चार वेळा अंगावर पाणी घेतं. एक मास्तर बिघडायच्या आधी आठवडाभर जुन्या विद्यार्थ्यांना फोन लावत सुटायचे. ‘चिडचिड, झोप कमी’ एवढंच लिहिलं तर ते घरातल्या कुणालाही लागू पडेल.

मग कुणी काय करायचं. पहिल्या खुणेला कोण बोलणार, कुणी अजिबात बोलायचं नाही, कुठल्या रुग्णालयात न्यायचं, कुणाची गाडी. कायद्याने दोन कागद उपयोगी आहेत. एक, नामनिर्देशित प्रतिनिधी: आपल्या वतीने कोण बोलेल हे साध्या कागदावर लिहून सही किंवा अंगठा केला की पुरतो. तो नातेवाईकच हवा असं नाही, आणि नंतर बदलताही येतो. दुसरा, आगाऊ निर्देश: कसे उपचार हवेत, कसे नकोत हे सज्ञान व्यक्तीने आधीच लिहून ठेवणं. त्याचा ठरलेला नमुना आहे, साक्षीदार लागतात. तातडीच्या उपचारांना मात्र तो लागू होत नाही.

तातडी म्हणजे जिवाला धोका किंवा स्वतःला, दुसऱ्याला गंभीर इजा होण्याची भीती. अशा वेळी कुणीही नोंदणीकृत डॉक्टर, म्हणजे तुमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातलेसुद्धा, ७२ तासांपर्यंत तातडीचा उपचार देऊ शकतात. ‘आम्ही मानसिक बघत नाही’ असं उत्तर आलं तर ही तरतूद शांतपणे सांगा. रुग्णवाहिकेसाठी १०८. फोनवरून सल्ल्यासाठी टेलि-मानस, १४४१६, ऑक्टोबर २०२२पासून सुरू आहे, मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं.

संमतीशिवाय दाखल करण्याची वेळ आली तर प्रतिनिधीचा अर्ज लागतो, दोन तपासण्या स्वतंत्रपणे होतात, आणि पहिली मुदत तीस दिवसांपर्यंतच असते. ‘न्हेऊन टाका एकदाचा’ हा मार्ग आता नाही.

ती मरणाचं बोलते. त्याबद्दल वहीत लिहिल्याने कल्पना तर डोक्यात जाणार नाही?

नाही. विचारल्याने कल्पना येत नाही, उलट बोलायला वाट मिळते. सरळ विचारा: ‘जीव द्यावासा वाटतो का?’ हो म्हणाली तर एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टर किंवा १४४१६.

वहीत लिहा: त्या दिवसांत सोबत कोण असेल, तिला कुणाशी बोललं की बरं वाटतं. आणि घर आवरा. आंब्याच्या फवारणीची औषधं आपल्याकडे माळ्यावर, पडवीत, अगदी चुलीजवळही असतात. ती घराबाहेर कुलपात, किंवा हंगामापुरती शेजारच्या बागायतदाराकडे. गोळ्यांचा साठाही एका माणसाच्या ताब्यात. तो कठीण काळ बहुतेकदा काही तासांचा, काही दिवसांचा असतो, आणि तेवढ्या वेळात हाताशी काही नसणं जीव वाचवतं. पोलिसांच्या भीतीने प्रयत्न लपवू नका. कायद्याच्या कलम ११५प्रमाणे अशी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असंच धरलं जातं आणि तिला मदत देणं हे सरकारचं कर्तव्य आहे.

कामाचं काय? रिकामा बसून तो जास्तच बिघडतो.

काम हवंच, पण आठ तासांचं काम पहिल्या महिन्यात नको. कोकणात हंगामी कामं आहेत हे एका परीने बरं. आंब्याच्या पेट्या भरणं, गवत अंथरणं, काजूबी गोळा करणं, सोलं वाळवणं, जाळी सांधणं. तासाचं काम, अर्ध्या दिवसाचं काम असं वाढवत नेता येतं. उन्हाचं एक लक्षात ठेवा: काही मानसोपचाराच्या औषधांनी घाम कमी येतो आणि उष्णता सोसत नाही. बारा ते चार सावलीतलं काम.

मजुरी त्याच्या हातात द्या. ‘त्याला काय कळतं पैशाचं’ म्हणून भावाच्या हातात देऊ नका. ‘माका परत होडयेर जावचा आसा’ म्हणणाऱ्या त्या गड्याला पहिल्या खेपेला वाटणीचे मासे मिळाले. ते त्याने स्वतः बाजारात नेऊन विकले आणि भाव पडून मिळाला. आईने मला ते तक्रारीच्या सुरात सांगितलं. मी वहीत ते कमाईच्या पानावर लिहिलं.

दिव्यांग प्रमाणपत्र काढावं का?

माझं मत विचाराल तर काढावं, पण त्या व्यक्तीला मान्य असेल तरच. दिव्यांग हक्क कायदा २०१६मध्ये मानसिक आजार हा प्रकार आहे. प्रमाण ४० टक्के किंवा जास्त असेल तर योजनांचे दरवाजे उघडतात. मोजमाप करताना स्वतःची निगा, नातेसंबंध, संवाद-आकलन आणि काम या चार गोष्टी आणि आजाराचा काळ बघतात. तिथे ‘आमचो बरो हा’ असं सांगू नका. त्याला रोज काय जमत नाही ते सांगा. वहीतली दोन-तीन महिन्यांची पानं सोबत नेली तर बोलणं सोपं जातं.

आम्ही सत्तरीचे. आमच्यानंतर कोण?

हा प्रश्न बायका चहा देताना, स्वयंपाकघराच्या दारात विचारतात. नवऱ्यासमोर नाही.

कोकणातली कितीतरी घरं अशी आहेत: म्हातारा, म्हातारी आणि आजारी मुलगा किंवा मुलगी. बाकी सगळे मुंबई, ठाणे, पुणे. याला पूर्ण उत्तर माझ्याकडे नाही, पण काही गोष्टी आई-वडील असतानाच करायच्या असतात. पहिली, त्या मुलाला आईशिवाय काय काय जमतं ते शिकवणं: चहा, भात, रेशन दुकान, बँकेचं पासबुक, स्वतःच्या गोळ्या डबीत भरणं. आया हे करू देत नाहीत. ‘माझ्या डोळ्यांदेखत तरी त्याला कष्ट नकोत’ म्हणतात. मग आई अंथरुणाला खिळते आणि पन्नाशीचा मुलगा चुलीसमोर उभा राहतो.

दुसरी, मुंबईच्या भावंडांना आत्ताच एक एक छोटं काम नेमून देणं. ‘आम्ही आहोत ना’ हे वहीत लिहायचं नाही. रविवारी सकाळी फोन कोण करणार, औषधाचे पैसे कुणी पाठवायचे, तीन महिन्यांनी तपासणीला कोण नेणार, ते नावानिशी लिहायचं. लिहिताना फोनवर जी शांतता पसरते तिच्यातूनही बरंच कळतं.

तिसरी जमिनीची. सातबाऱ्यावर आधीच पंधरा नावं, त्यात याचं नाव गाळून टाकू या, असा विचार पुष्कळांच्या मनात येतो. मानसिक आजाराचं निदान झालं म्हणून कुणी कायद्याने ‘अस्थिर मनाचा’ ठरत नाही, ते फक्त सक्षम न्यायालय ठरवतं. त्याचा हिस्सा त्याचाच. मृत्युपत्र करायचं तर वकिलाकडून, त्याला बाजूला बसवून. आणि एक घोटाळा नेहमी होतो म्हणून सांगते: १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखालचं पालकत्व ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक आणि बहुविकलांगता यांसाठी आहे. केवळ मानसिक आजारासाठी ते मिळत नाही. त्यासाठी महिनोन् महिने खेटे घालू नका.

गावात कळेल ही भीती वाटते. आशाताई आमच्याच वाडीतल्या आहेत.

भीती रास्त आहे. उपचाराची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क कायद्यात आहे आणि तो आरोग्य कर्मचाऱ्यांनाही लागू आहे, पण वाडीत गोष्टी पावलांवरूनही कळतात. म्हणून वहीत विचारून घ्या: घरी भेट चालेल का, की केंद्रावरच भेटायचं, फोनवर काय नाव सांगायचं. एका मुलीने लिहिलं होतं, ‘जीप दाराशी नको.’ मी पाणंदीच्या तोंडाशी उतरून चालत जाते.

वही किती दिवसांनी बदलायची?

सरकारी कागदात तीन किंवा सहा महिने लिहितात. मी नारळी पौर्णिमा आणि आंबा संपला की, अशा दोन वेळा ठरवते. एकदा दर्या सुरू होतो, एकदा बाग मोकळी होते, आणि माणसाचा दिवस बदलतो. मध्ये घरात लग्न, बाळंतपण, मरण, भांडण झालं तर तेव्हाही. जे जमलं नाही त्यावर रेघ मारा, पान फाडू नका.

डॉक्टरांना एवढं वाचायला वेळ कुठे असतो?

नसतो. म्हणून आतल्या कव्हरवर अर्ध्या पानात: चालू औषधं, ज्याचा त्रास झाला ती औषधं, गेल्या वेळेपासून काय बदललं, आज एकच प्रश्न. एकच. पाच विचारले तर एकाचंही उत्तर मिळत नाही.

वही ठेवायची कुठे?

रेशनकार्डाच्या पिशवीत, प्लास्टिकमध्ये. देवघरात ठेवू नका, तिथे तिला कुणी हात लावत नाही. जेल पेनने लिहू नका, ओल्या हवेत शाई पसरते. साधं बॉलपेन किंवा शिसपेन्सिल. आणि जिची वही आहे ती व्यक्ती मागे लिहिलेलं मोठ्याने वाचून दाखवायला लावेल तेव्हा वाचून दाखवा, मध्ये गाळू नका. होडीवाला आता दर खेपेला मला पहिलं पान वाचायला लावतो.